लिंबूटिंबूंचे सर

प्राथमिक शाळेतल्या खेळाच्या सरांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. ते शिट्टीसर. गळ्यात शिट्टी, अंगात कायम ट्रॅकसूट आणि काळीज इतकं हळवं, की डाव हरून एखाद्या पोराने ओठ काढला की यांचेच डोळे भरून यायचे.

त्यावर सरांनी उपाय काढला होता. कुणी धावायला कमी पडतंय असं वाटलं, की ते त्याला लिंबूटिंबू करायचे. लिंबूटिंबूने सगळ्यांबरोबर पळायचं, ओरडायचं, घामाघूम व्हायचं. फक्त आऊट व्हायचं नाही, कारण त्याला कुणी मोजतच नाही. सुरुवातीला एक जाड भिंगाचा चष्मेवाला तेवढा होता. मग घरी दुसरी भाषा बोलणारी एक मुलगी आली, तिला सूचना कळायच्या नाहीत. मग एक गुबगुबीत, मग एक लाजाळू, मग ज्याची आई फाटकात गाठून "जरा सांभाळून घ्या हो" म्हणाली तो. होता होता निम्मा वर्ग लिंबूटिंबू झाला. संगीत खुर्चीत खुर्च्या संपायच्या, मुलं संपायची नाहीत. शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणून डाव मोडायचा, आणि आऊट होऊ शकणारी उरलेली पोरं आपण काय पाप केलं म्हणून एकमेकांकडे बघायची. सर मात्र तृप्त.

अशात चौथीत एक नवी मुलगी आली. चाकांच्या खुर्चीतून. मधली सुट्टी व्हायच्या आत वर्गाने तिचं नाव 'वकील' ठेवलं, यावरून बाकीचं ओळखावं.

"बाळ, तू लिंबूटिंबू हं," सर तिच्यापुढे वाकून म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू कधीच आऊट होणार नाहीस."

"मग जिंकणार?"

"तसं नाही. जिंकायचंही नसतं."

"मग मी करायचं काय?"

"मजा करायची."

वकिलाने क्षणभर विचार केला. "सर, ही मजा तुम्हीच घ्या," असं म्हणून तिने खुर्ची वळवली आणि ती मैदानाच्या कडेला जाऊन थांबली. तिथून ती रोज खेळ बघायची आणि कोण कुठे चुकलं ते मोठ्याने सांगायची.

नेमकं त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावलं. "शनिवारी खेळाचा दिवस. पालक येणार. एकही मूल कडेला बसलेलं मला दिसता कामा नये."

सर तडक वकिलाकडे गेले. ती म्हणाली, "शनिवारी माझं पोट दुखणार आहे."

"आत्तापासून कसं कळलं?"

"मला आऊट करणार असाल तर नाही दुखणार."

सर घरी आले ते तोंड पाडूनच. "अगं, जिवाला लावून घेतो मी या पोरांचं. आणि ही म्हणते, मला आऊट करा. कुणी मुद्दाम हरायला मागतं का?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मागे घराच्या रंगाची बोलणी चालली होती. तुम्ही मधे काही बोलायला गेलात, तेव्हा तुमचे दादा काय म्हणाले होते?"

"'तू बस रे, सरबत घे.'"

"घेतलंत?"

"घेतलं."

"कसं होतं?"

हातात आलेला टॉवेल सरांनी नुसताच उलटसुलट केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला विचारलं, "तुझी खुर्ची जरा वापरायला देतेस?"

ती बाकावर सरकली. "डावीकडे ओढते. जपून."

सरांनी संगीत खुर्चीसाठी मांडलेल्या खुर्च्यांभोवती एक फेरी मारली. मारली म्हणजे, मारायला घेतली. पहिल्या वळणाला दोन खुर्च्या आडव्या झाल्या, दुसऱ्याला कुंडी गेली, आणि मग ते बाक आणि भिंत यांच्यामध्ये असे काही अडकले, की पुढेही जाता येईना आणि मागेही. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या.

"सर, बरं वाटत नाहीये का?"

"नाही बाई, खेळतोय."

बाई गेल्यावर सरांनी कपाळ पुसलं. "हा खेळ तुला जमणारच नाही गं. आणि जमला तरी तू आधीच बसलेली."

"तेच म्हणते मी. खुर्च्या काढा. खडूने वर्तुळं काढा. गाणं थांबलं की वर्तुळात. माझं वर्तुळ मात्र मोठं हवं."

सर खडू घेऊन खाली बसले आणि तसेच थांबले. "तुझं एकटीचं मोठं काढलं, तर ते तुझंच होऊन बसेल. मग तू कशी आऊट होणार? सगळीच मोठी काढतो. ज्याला जे मिळेल ते."

वकिलाने त्यांच्याकडे पहिल्यांदाच जरा मान देऊन पाहिलं. "आणि लिंबूटिंबू?"

"बंद."

ही बातमी पसरली तेव्हा चष्मेवाल्याने मैदानाला एक चक्कर मारली. गुबगुबीत तेवढा येऊन म्हणाला, "सर, माझं चाललं असतं हो तसंच."

शनिवारी पालक मांडवात बसले. गाणं लागलं, मुलं फिरू लागली, वकिलाने दोन्ही हातांनी चाकं पिटाळली. पहिल्या फेरीत लाजाळू बाद झाला आणि टाळ्या घेत, लाजतच बाहेर गेला. दुसऱ्या फेरीला गाणं थांबलं तेव्हा वकील वर्तुळात होती. फक्त तिचं एक मागचं चाक रेघेबाहेर होतं.

सगळं मैदान सरांकडे बघू लागलं. पुढच्या रांगेत तिची आई पदराचं टोक पिळत होती. मोठ्या बाई डोळ्यांनीच 'असू द्या' म्हणत होत्या. सरांच्या डोळ्यांत नेहमीचं पाणी आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं आणि शिट्टी फुंकली.

"आऊट."

"कोण, मी?" वकील म्हणाली. "मागचं चाक धरायचं असं कुठे ठरलं होतं?"

"चाक म्हणजे पाय. पाय बाहेर, गडी बाहेर."

"या चष्मेवाल्याची टाच बाहेर होती, तेव्हा तुम्ही तिकडे बघत होतात."

"मी सगळीकडे बघत होतो."

"मग टाच दिसली का नाही?"

गाणं लावणारे खोळंबले. पालकांत हशा पिकला. सरांचा आवाज चढला, तिचाही चढला, आणि वाद थेट खडूच्या रेघेच्या जाडीवर गेला. शेवटी सर म्हणाले, "आऊट म्हणजे आऊट. निघ बाहेर, डाव अडलाय."

इतकं टाकून ते आजवर कुठल्याच पोराला बोलले नव्हते. वकील फणकाऱ्याने निघाली आणि बाद झालेल्या लाजाळूच्या शेजारी जाऊन थांबली. घरी पोचेपर्यंत तिने ही हकिगत आईला, रिक्षावाल्याला आणि फाटकात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितली: मी आऊट नव्हते, मला आऊट दिलं, शिट्टीसर पक्षपात करतात.