एका वायरीचा रविवार

ड्रोनवरचा कॅमेरा फोटो काढतो त्या क्षणाची खूण ड्रोनची जागा नोंदवणाऱ्या जीपीएस रिसीव्हरमध्ये पडली नाही, तर ते फोटो बघण्यापुरते उरतात, मोजणीच्या कामाचे राहत नाहीत. कुठला फोटो नेमका कुठून काढला, हे त्या खुणेवरूनच कळतं. म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेतून एक वायर निघते आणि रिसीव्हरच्या एका पिनेला जाते. एकच वायर. तिने माझा अख्खा रविवार खाल्ला.

सोमवारी सकाळी मुलुंडपलीकडच्या एका खाणीवर ड्रोन उडवायचा होता. परवानगी तेवढ्या एका सकाळची, तीही कितीतरी खेपा घालून मिळालेली. या जोडणीसाठी मागवलेली तयार केबल आलीच नाही. ऑफिसात रिसीव्हर एकच. "मी करते," असं मीच बोलून बसले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, मागे कशी सरणार?

घाटकोपरच्या आमच्या खोलीत जेवणाची भांडी बाजूला सारून सगळा पसारा जमिनीवर मांडला. समोर बाबा येऊन बसले. तीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं, अर्ध्या वस्तीचे पंखे त्यांनीच टांगलेत. मी पाण्याचा तांब्या घ्यायला वळले, तेवढ्यात त्यांनी खिशातला टेस्टर काढून कॅमेऱ्याच्या वायरीला टेकवला.

"हेच्यात जीवच नाय गो. दिवो पेटता खंय? लाव थेट."

आणि वायर घेऊन खरंच रिसीव्हरच्या पिनेकडे निघाले.

"बाबा, हात लावू नका!"

टेस्टर घरातल्या विजेला पेटतो. या वायरीत होते पाच व्होल्ट, त्यांना तो ओळखही देत नाही. आणि रिसीव्हरच्या पिनेला तीन पूर्णांक तीनच्या वर सोसत नाही. हे मी समजावून सांगितलं.

"पाच व्होल्टान कोण मरता?"

"माणूस नाही मरत बाबा, हा डबा मरतो. आणि उद्या मी."

"मगे असली नाजूक वस्तू घेतल्यानीच कित्याक?"

मी कामाला लागले.

मल्टिमीटर लावला, पाच दाखवले. दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज खाली आणलं, परत मोजलं. तीन पूर्णांक दोन. आता जोडणार, तर बाबा पुन्हा.

"आधी बॅटऱ्यो काढ. चालू लायनीर काम करूक शिकवल्यानी कॉलेजात?"

काढल्या. हे मात्र बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. वायर जोडली, बॅटऱ्या लावल्या, वीस फोटो काढले. खुणा तेरा. पुन्हा वीस काढले. खुणा नऊ. सोल्डरचे डाग काढून नव्याने दिले, सेटिंग तीनदा तपासलं, वायर बदलली. अकरा. वाट लागली म्हणजे काय ते कळलं. उद्या साहेबांना काय सांगू, परवानगी पुन्हा कोण देणार, याच विचारात हातातलं सोल्डरिंग आयर्न भलतीकडेच टेकत होतं.

बाबा खाली वाकून दोन्ही बॅटऱ्या निरखत होते. मग म्हणाले, "कॅमेऱ्याची बॅटरी येगळी, हेची येगळी?"

"हो. म्हणजे?"

"मगे दोघांची अर्थिंग एक खंय केलंस?"

दोन्हीकडची ग्राउंड, म्हणजे बाबांची अर्थिंग, मी एकमेकींना जोडलीच नव्हती. सिग्नलची वायर जात होती, पण तो कशाच्या तुलनेत मोजायचा, हे रिसीव्हरला कळायला काही मार्गच नव्हता. हेच मी परीक्षेत आकृती काढून लिहिलंय. मार्कही मिळालेत.

बॅटऱ्या काढल्या, एक काळी वायर दोन्ही ग्राउंडमध्ये टाकली. वीस फोटो. वीस खुणा. परत वीस. वीस.

मी सामान आवरत होते, तोवर बाबा गॅलरीत पोचलेही होते. कठड्याला टेकून कोणाला तरी आपल्या लेकीबद्दल सांगत होते, "ह्यां विमान आमच्या चेडवान जोडल्यान हां. सगळा तिनाच केल्यान. अर्थिंग तेवढी माका बघूची लागली."

बाहेर जाऊन दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं. पण त्यात खोटं काय होतं, ते मला सापडेना.