सुतकाची ओळ

मुलांनो, स्वतःच्याच कामाला इतका घाबरणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल. आमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू प्रोग्राम लिहितात. म्हणजे एआय लिहितो आणि हे घाबरतात. आपण विंचवाच्या भीतीने चप्पल झटकतो, तशी ते त्याची प्रत्येक ओळ झटकून पाहतात. लॅपटॉप बंद करून खाली उतरले की खरंच बंद झाला का, हे पाहायला दोनदा जिना चढतात. रोज संध्याकाळी चहाला येऊन नवीन ओळी मला मराठीत समजावायच्या, हा त्यांचा नेम. मला कळली नाही ती ओळ खोडायची. "जे समजत नाही ते मी चालू देत नाही, काकू." त्यावर त्यांची बायको म्हणते, "मी कुठं समजते तुमाले? तरी चालूनच राह्यली ना!"

अनसिंगजवळ भाजी पिकवणाऱ्या बारा घरांची एक सामाईक विहीर आहे. कोणाच्या मळ्यात केव्हा पाणी सोडायचं, हे यांचा प्रोग्राम ठरवतो. नियमांवर अपवाद चढत गेले आणि त्याचा पार गुंता झाला. मी मोतीबिंदूसाठी आठवडाभर अकोल्याला होते, तेव्हा त्यांनी एआयला सांगितलं, सोपं करून दे. चारशे ओळींच्या साठ झाल्या, आणि त्यांनी प्रथमच मला न वाचून दाखवता त्या चालू केल्या.

मी परतले तर हे पांढऱ्या चेहऱ्याने दारात. "काकू, सगळं बरोबर चालून राह्यलं. म्हनूनच भेव वाटते."

साठही ओळी ऐकून मी विचारलं, "सुतकाची कुठे आहे?" मयत झालेलं घर तेरा दिवस मळ्यात जात नाही आणि हजर नसलेल्याची पाळी प्रोग्राम पुढच्याला देतो, म्हणून त्या ओळीने शेजारी आपल्या पाळीतून त्याला पाणी देतात. तिकडे हे कोणी कोणाला सांगत नाही, म्हणून यांनीही ओळ लिहिताना कारण लिहिलं नव्हतं. यंत्राला ती फालतू वाटली आणि त्याने ती गाळली.

त्यांनी तिथूनच अनसिंगला फोन लावला. त्याच आठवड्यात तिथल्या एका म्हातारीचा मुलगा गेला होता. फोनवर तिची शेजारीण तडकली, "तिच्या मळ्याचं पानी कायले बंद केलं हो? आमाले वाटलं, तुमचा नवा नियम! मिरचीच्या रोपायनं माना टाकल्या."

ते तसेच मोटारसायकलवर गेले आणि शेजाऱ्यांसोबत अंधार पडेपर्यंत बादल्यांनी पाणी घालत राहिले. निम्मी रोपं वाचली. आता ते प्रत्येक ओळीवर तिचं कारण लिहितात.

परवा मी सहज म्हटलं, "मी गेल्यावर कोणाला वाचून दाखवाल?" ते कप ठेवून वर गेले. मग दोनदा जिना उतरून आले, मी जागेवर आहे का ते पाहायला.