बाबांच्या गाडीचा हिटर

जानेवारीतल्या एका सकाळी वर्ध्यातल्या नालवाडीच्या घरासमोर मी बाबांच्या गाडीचा हिटर लावला आणि आतून थंड हवा आली. इंजिन बराच वेळ चालू होते. पंखा चालत होता. बटण लाल खुणेकडे शेवटपर्यंत फिरवलेले होते.

शेजारच्या सीटवर आई होती. अंगात स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोज्यांवर मोजे. गाडी फाटकाबाहेर काढण्याआधी तिने एक मोजा खाली सरकवून पाय दाखवला. बोटे खडूसारखी पांढरी झाली होती. थंडीत तिच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात. दुखणे जुने आहे, वयाबरोबर वाढले आहे. पाय गार पडू देऊ नका, असे डॉक्टरांनी सांगितलेले आहे. मी गाडी बंद केली.

आम्ही अल्लीपूरला निघालो होतो. तिथे मावशीचे शेत आहे. सगळ्या शेतात कापूस आणि तूर असली तरी विहिरीजवळ ज्वारीचा एक पट्टा ती दरवर्षी ठेवते, फक्त हुरड्यासाठी. आई आणि मावशी वर्षातून एकदा त्या पट्ट्यात बसून हुरडा खात. सकाळीच, कणसावर दव असताना. बाबा गाडी चालवत. बाबा गेले त्याला दोन पावसाळे झाले. मागच्या वर्षी हुरड्याला कोणी गेले नाही. या वर्षी मावशीने शेत मक्त्याने दुसऱ्याला कसायला दिले होते. ज्वारी निघाली की ती पुण्याला मुलाकडे राहायला जाणार होती. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात सोयाबीन असणार होते. म्हणजे हा हुरडा शेवटचा होता, आणि हे आईला माहीत होते.

दुपारी उन्हात जाऊ, असे मी सुचवले.

"दुपारी काय कडबा खायचा?" आई म्हणाली.

भाड्याच्या गाडीचा विषय काढला.

"जा मंग तूच. माहा हुरडा बांधून आणजो."

मग ती म्हणाली, "तुह्या बाबाच्या गाडीत माहे पाय कधी थंडे पडले नाई."

या वाक्यावरून मी निष्कर्ष काढला. बाबा असेपर्यंत हिटर चालू होता, नंतर गाडी उभी राहून बिघडला. त्या सहलींना मी कधी नव्हते. नागपूरला वृत्तपत्राच्या डेस्कवर रात्रपाळी असे आणि ज्या वेळी ही दोघे निघत त्या वेळी मी झोपलेली असे.

गाडी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजमध्ये नेली. तिथला मिस्त्री रोज सिंदीहून येतो. बाबांची गाडी त्याच्याच हातची. तक्रार ऐकून तो हसला.

"ताई, वर्ध्यात हिटर? इथं लोकाले गाडीत बर्फ पाह्यजे. इतक्या वर्षांत हिटरसाठी आलेल्या तुम्हीच."

"आईचे पाय गार पडतात."

"काकूचे?" त्याने हातातला चहा खाली ठेवला. "मंग पाहू न."

त्याने आधी रेडिएटरचे पाणी पाहिले. पुरेसे होते. मग इंजिन बराच वेळ चालू ठेवून तापमानाचा काटा पाहायला मला आत बसवले. काटा तळापासून थोडा वर आला आणि तिथेच थांबला. मिस्त्रीने इंजिनवरचे एक झाकण खोलले. आत थर्मोस्टॅट असायला हवा होता. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणे हे त्याचे काम. ती जागा रिकामी होती.

"कोणी काढला?" मी विचारले.

"मीच काढला असंन," तो म्हणाला. "मार्च लागला का आम्ही पह्यले हे काढून फेकतो. नाई तं उन्हाळ्यात इंजिन उकळते. आता कोणाकोणाचा काढला, काय ध्यानात राह्यते?"

नवीन थर्मोस्टॅट बसला. काटा मधोमध आला. हिटर लावला. हवा थंडच होती.

पाना शोधायला त्याने डिक्की उघडली. स्टेपनीच्या शेजारी कापडाच्या दोन जड पिशव्या होत्या, तोंडे सुतळीने बांधलेली. त्याने एक उचलून पाहिली.

"रेती भरून ठेवली साहेबानं? चाक फसलं तं टाकाले?"

"असेल," मी म्हणाले. त्याने पिशवी जागेवर ठेवली.

हिटरला स्वतःची आग नसते, हे मला त्या दिवशी कळले. इंजिनात तापलेले पाणी एका रबरी नळीने आत येते, पायांजवळच्या छोट्या जाळीतून फिरते आणि दुसऱ्या नळीने परत जाते. पंखा त्या जाळीवरून हवा फेकतो, एवढेच. म्हणून मिस्त्रीने आता त्या दोन नळ्या चाचपायला हात आत घातला. हात बराच वेळ आत राहिला. मग त्याने मोबाइलचा उजेड पाडला आणि मला बोलावले.

इंजिनातून निघालेली नळी जाळीकडे गेलीच नव्हती. ती वळवून पुन्हा इंजिनालाच जोडली होती. जाळीची दोन्ही तोंडे लाकडी बुचे ठोकून बंद केलेली होती. बुचांवर तार आवळलेली होती आणि तारेची टोके आत मुडपलेली होती, कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून.

"हा तं माहाच हात हाय," मिस्त्री म्हणाला.

तो बाजूच्या टायरवर बसला. त्याला आठवायला वेळ लागला. आठवले ते असे: एका मे महिन्यात आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिला तपासणीला न्यावे लागे. एसी लावला तरी त्या जाळीतून तिच्या पायांशी गरम झळ येत असे. बाबांनी गाडी आणली आणि काम होईपर्यंत उभे राहिले.

"मी म्हटलं, साहेब, हिवाळ्यात पुन्हा जोडून देतो. तं म्हणे, राहू दे, हिवाळ्याचं मी पाहून घेईन. मंग आलेच नाई जोडाले."

आईच्या पायाचे प्लास्टर निघून बरीच वर्षे झाली. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात ती दोघे अल्लीपूरला गेली होती. म्हणजे त्या सगळ्या हिवाळ्यांत या गाडीला हिटर नव्हता. आईचे वाक्य आणि ही नळी यांचा मेळ बसत नव्हता.

मिस्त्रीने बुचे काढली, नळ्या जोडल्या, इंजिन सुरू केले. पहिल्यांदा हवा किंचित कोमट आली. मी हात जाळीसमोर धरला. तेवढ्यात पायपुसण्यावर रेडिएटरचे हिरवे पाणी ठिबकू लागले. कोरडी राहून जाळी सडली होती. नवीन जाळी नागपूरहून मागवावी लागणार होती आणि या मॉडेलची मिळेलच याची त्याला खात्री नव्हती. त्याने नळी पुन्हा वळवून इंजिनाला लावली, बुचे ठोकली, तार आवळली. या वेळीही टोके आत मुडपली.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला.

"अवो, दाणा टणक व्हाले लागला. येनं हाय तं उद्या या, नाई तं भाकरीच खाजा!"

"गाडी बिघडून राह्यली न वो," आई म्हणाली.

"गाडीचं काय सांगतं मले? भाटवे राह्यते तं ढकलत आणते तुले."

भाटवे म्हणजे तिच्या बहिणीचा नवरा, माझे बाबा. दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर आई पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसून राहिली. मी तिला गॅरेजमध्ये काय आढळले ते क्रमाने सांगितले: काढलेला थर्मोस्टॅट, वळवलेली नळी, बुचे, मे महिना. ती ऐकत होती. मग मी विचारले, हिटर बंद होता तर तुझे पाय गरम कसे राहायचे?

"हिटरचं मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. "डिक्कीत पिशव्या हायत का पाह्य."

मी पिशव्या घरात आणल्या. उजेडात कापड ओळखू आले. बाबांच्या तपकिरी पँटचे दोन पाय होते ते. ती पँट घालून ते ऑफिसला जात. कड दाभणाने शिवलेली होती, टाके मोठे आणि वाकडे. शिवण आईची नव्हती.

तिने सांगितले ते असे. निघण्याच्या दिवशी बाबा लवकर उठत. नदीची चाळलेली रेती लोखंडी कढईत तापवत. पिशव्या भरून तिच्या पायांखाली एक आणि पायांवर एक ठेवत, वरून घोंगडी. रस्ताभर ऊब टिकत असे.

"मग सकाळी गाडीतच का नाही सांगितलंस?"

"तू हिटर हिटर करून राह्यली होती. मले वाटलं, तुह्यानं होते तं बरं."

"पण रेती मीही तापवली असती."

"ते आपल्या मनानं उठत," आई म्हणाली. "असं कोनाले सांगता येते का, का उठ बाई अन् माह्यासाठी रेती भाज?"

याला दुजोरा द्यायला बाबा नव्हते. मी पिशव्यांची तोंडे सोडून रेती पसरून ठेवली. आत एकही खडा सापडला नाही.

सकाळी कढई चढवली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रेतीतून आधी ओलसर वास आला, मग कोरडा. मी उलथन्याने हलवत राहिले.

"झाली का?" मी विचारले.

"तळहात ठेवून पाह्य. ठेवता आला तं कच्ची. झटकन उचलावा लागला तं झाली."

मी हात ठेवला आणि उचलला.

रस्त्यावर धुके होते. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. खाली उरलेला कापूस धुक्यात तेवढा दिसत होता. आईच्या मांडीवरून पायांपर्यंत घोंगडी होती. ती फारसे बोलली नाही. एकदा डावीकडचे निंबाचे झाड दाखवून म्हणाली, "इथं ते चहासाठी थांबत." टपरी बंद होती. मी गाडी सावकाश केली. ती म्हणाली, चाल. आणखी थोड्या अंतराने तिने मोजा सरकवून बोटे पाहिली आणि मोजा पुन्हा वर ओढला. मी विचारले. "लाल हायत," ती म्हणाली.

मावशी बांधावर उभी होती. मागे खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. शेजारी कणसांचा भारा आणि जवसाची चटणी झाकून ठेवलेली होती. तिने गाडीचे दार उघडले, बहिणीचा हात धरून तिला उतरवले आणि पोत्यावर बसवले.

मग ती परत गाडीकडे आली. पिशव्यांबद्दल मी तिला काही सांगितलेले नव्हते. फोनवरही त्यांचा उल्लेख झाला नव्हता. तिने आत वाकून दोन्ही पिशव्या उचलल्या, एकीला हात लावून पाहिला आणि दोन्ही नेऊन विस्तवाच्या कडेला, कापडाला ठिणगी लागणार नाही इतक्या अंतरावर असलेल्या एका सपाट, काळ्या पडलेल्या दगडावर ठेवल्या.

"जाताना लागते," ती म्हणाली आणि कणीस भाजायला बसली.