चौघींत एक हिरवी

गणिताच्या सरांनी फेकलेलं डस्टर माझ्या उजव्या भुवईवर बसलं. लाकडाची कड लागली. आधी खडूची धूळ डोळ्यात गेली, मग रक्त. सर खुर्चीतच बसून व्हते. म्हणाले, "पिंजाऱ्याच्या पोरीनं गाद्या शिवाव्यात. इथं डोकं लागतं."

व्हय, मी पिंजाऱ्याची. तेरमध्ये आमच्या अब्बांचं गाद्या-उशांचं दुकान हाय. कापूस त्यांच्या मिशीत असतो, ताटात असतो. त्याची मला कधी लाज वाटली न्हाय. त्या दिवशी मात्र वाटली, आणि वाटली म्हणूनच माझं डोकं फिरलं. भुवई फुटल्याचं मागाहून कळलं.

धाराशिवच्या कॉलेजात मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. गणित घेतलं म्हणून घरात भांडण झालेलं. अब्बांनी एकच अट घातली, गणितात नापास झालीस तर दुसऱ्या दिवसापासून दुकानात कापूस पिंजायच्या मशीनवर बसायचं. मी हो म्हणाले. मला वाटलं, सर शिकवतील, मी शिकंन.

त्याच वर्षी कॉलेजात नवी पद्धत आली. धड्याचा व्हिडिओ ॲपवर घरी बघायचा. वर्गात यायचं ते शंका विचारायला, गणितं सोडवायला. पद्धत वाईट न्हाय, आजही सांगते. निम्मं व्हिडिओनं शिकवायचं, निम्मं सरांनी. सरांनी आपलं निम्मं खाऊन टाकलं. वर्गात आले की पडद्यावर नावं लावायचे. ज्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला त्याचं नाव हिरवं, बाकीच्यांचं लाल. लालवाल्यांनी तास संपेपर्यंत मागच्या भिंतीला उभं राहायचं, वर अंतर्गत मार्कांत शून्य. मग सर आपला मोबाइल काढून बसायचे. त्यांच्या तासाला फळ्यावर एक रेघ पडत नव्हती. डस्टर नुसतं टेबलावर पडलेलं असायचं.

तेरहून आमी चौघी एसटीनं यायचो. फोन एकटीकडंच, रेखाकडं. त्यांची बागायत मोठी, भावानं आपला जुना फोन तिला दिलेला. मागच्या सीटवर चौघींची डोकी त्या एका फोनवर. थांबवायचं, भांडायचं, मागं न्यायचं, परत बघायचं. कंडक्टर वैतागून म्हणायचा, सगळ्या गाडीला गणित शिकवता का काय गं? खरं सांगते, बारावीपर्यंत जे डोक्यात शिरलं न्हाय ते त्या खडखडाटात शिरलं. पण ॲपला काय कळणार? त्याच्या लेखी एक फोन म्हणजे एक माणूस. चौघींत एक हिरवी, तिघी लाल. आणि धाराशिवातली बंगलेवाली पोरं व्हिडिओ चालू करून, फोन उशीला टेकवून जेवायला जायची. ती हिरवी. तशी तीच फुशारकीनं सांगायची.

महिनाभर मी भिंतीला उभी राहिले. पाय दुखायचे, त्याचं काय न्हाय. पण शून्यावर शून्य साचत चाललं आणि मला ते पिंजायचं मशीन डोळ्यासमोर दिसायला लागलं.

त्या दिवशी लिमिटचा धडा व्हता. एक्सच्या जागी दोन घातले की वरही शून्य, खालीही शून्य. तरी व्हिडिओतला माणूस वरचं-खालचं छाटून मोकळा झाला. आमी बसमध्ये त्यावरून लई भांडलो, एकीलाही कळंना. म्हणून म्या भिंतीजवळूनच विचारलं, "सर, खाली शून्य येतं तर छाटायचं कसं?"

"व्हिडिओ बघ."

"बघितलाय, सर. रेखाच्या फोनवर."

"मग तो रेखानं बघितला. तू लाल आहेस. खोटं बोलू नकोस."

म्या रेखाकडं बघितलं. ती वहीत तोंड घालून बसली. ते जे आतपर्यंत गेलं ते अजून निघालं न्हाय. मी म्हणाले, "व्हिडिओला शंका विचारता येत न्हाय, सर. म्हणून तुमाला विचारते." पोरं हसली. सरांना वाटलं, आपल्यावर हसली. आणि डस्टर आलं.

म्या ओढणी भुवईला दाबली. डस्टर उचललं. वाटलं, हेच त्यांच्या तोंडावर हाणावं, दात घशात घालावेत. हात वर गेलासुद्धा, खोटं कशाला बोलू? पण हाणलं असतं तर त्यांचंच खरं झालं असतं, बघा, पिंजाऱ्याची पोर गुंड निघाली. म्या डस्टर पिशवीत टाकलं. पुढं गेले आणि प्रोजेक्टरची पिन हिसडून काढली. पडदा विझला. लाल गेलं, हिरवं गेलं. सर उठले, माझं मनगट धरून पिळलं. हाड कडकन मोडतंय असं वाटलं. म्या सगळा जोर लावून हात झटकला. ते मागं टेबलावर आदळले.

"आता शिकवा," मी म्हणाले. "फळा हाय. खडू हाय. पोरं हायेत. शिकवा."

शिकवलं न्हाय. शिपायाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी अब्बांना बोलावलं. केसांत कापूस तसाच, माझा बाप उभा. समोर खुर्ची रिकामी, कुणी बसा म्हणालं न्हाय. माफी लिहून दे, डस्टर परत कर, न्हायतर कॉलेजातून नाव काढू, एवढंच प्राचार्य सांगत राहिले. माझ्या भुवईला टाके पडलेले, त्यावर एक अक्षर न्हाय.

अब्बा हळूच म्हणाले, "माफी मांग ले, बेटी. अपना क्या जाता?"

"मेरा जाता, अब्बा."

ते माझ्या भुवईकडं बघत राहिले. मग दाराकडं वळले.

म्या माफी लिहिली न्हाय. नाव काढायचा विचार चालू हाय म्हणतात. रेखाच्या भावानं तिला आमच्यात बसू नको म्हणून सांगितलं. ती आता ड्रायव्हरच्या मागं बसते, एकटीच फोन बघते. आमाला तिघींना फोन न्हाय.

म्हणजे उद्या मी परत लाल. पण भिंतीला उभी राहणार न्हाय. पहिल्या बाकावर बसणार आणि तोच प्रश्न विचारणार. परवाही तोच. नाव काढलं तर गेटात बसून विचारीन. मशीनवर बसायची वेळ आली तर बसंन, पण हात जोडून न्हाय. डस्टर अजून माझ्या पिशवीत हाय, माझं रक्त त्याच्यावर वाळलंय. ते पाहिजे असंल तर सरांनी आधी फळ्यावर काहीतरी लिहावं. मग पुसायला मागावं.