काकांच्या शर्टांची गोधडी

काकू इस्पितळाच्या शिवणखोलीत फाटक्या चादरी नीट करायची. आकडा दिसला की तो फोडायची तिला भारी खोड. गाडीचा नंबर असो नाहीतर वीजबिल, "ह्याला सातानं भाग जातो हं," असं ती मध्येच म्हणायची. काका हसायचे, "हिला शेंगा नकोत, आकडे द्या फोडायला!"

काका गेल्यावर वर्षभरानं तिनं त्यांच्या शर्टांचे सारखे चौकोनी तुकडे कापले. साठ ओळी, ओळीत साठ तुकडे, अशी गोधडी तिला शिवायची होती. सगळे कापून झाल्यावर इस्त्रीखाली एक तुकडा करपला. शर्ट तर संपले होते.

"माझ्या एखाद्या कपड्याचा लाव," आई म्हणाली. आई तिची थोरली जाऊ.

"नको ताई. त्यांचंच कापड हवं." काकू पलंगावरच्या ढिगाकडे बघत राहिली. "उरले तीन हजार पाचशे नव्याण्णव. दुसऱ्या कुठल्या ओळींत बसतात का बघते."

दोन, तीन, पाच चालणार नव्हते. सातानं एक उरला, अकरानं दोन. तेरा, सतरा, एकोणीस... कागद भरत गेला. त्रेपन्नाशी पोचली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"अगं, साठाच्या पुढचे बघ की!"

"पुढचा असला तर त्याचा जोडीदार साठाच्या आतच असणार, ताई. आत कुणी नाही, तर बाहेरही कुणी नाही. मग एकच लांब ओळ शिवायची नि गळ्यात घालून फिरायचं."

"कितीवर आलीस?"

"एकोणसाठ राहिलाय. शेवटचा."

तिनं भागाकार मांडला. मग पुन्हा मांडला. बाकी शून्य. एकोणसाठ गुणिले एकसष्ट!

काकूनं कपाळावर हात मारला. "साठ गुणिले साठातून एक गेला की एक कमी गुणिले एक जास्त, हेच उरणार! शाळेत शिकलेय की मी हे. अख्खी दुपार घालवली." ती हसता हसता रडायला लागली. आईनं तुकड्यांची पहिली ओळ लावायला घेतली.

गोधडी दोघींनी मिळून शिवली. रुंदीपेक्षा जराशी लांब झाली. काकूला ती अंगावर घ्यायचा धीरच होईना. घडी तशीच खुर्चीवर पडून होती. शेवटी आईनंच ती उलगडली आणि पलंगावर आडवी झाली.

"ये इकडे. बघ, पायसुद्धा झाकतात."

काकू तिच्या शेजारी जाऊन पडली.