पेपर घरी न्यायला आलेली आई

आज दहावीचा गणिताचा पेपर. धारूरजवळच्या केंद्रावर मी केंद्रसंचालक.

पेपर सुरू झाल्यावर एक बाई हॉल तिकीट घेऊन गेटवर आली.

"मॅडम, पोरगी आमच्यासंगं ऊसतोडीला हाय. पायावर कोयता बसलाय, चालता येत न्हाई. तिचा पेपर माझ्याकडं द्या. कोपीत, आमच्या खोपटात बसून लिहील, उद्या आणून देते."

मी नियम सांगितला. लाल पेनानं 'गैरहजर' लिहिलं.

पेपर सुटला तरी ती गेटवरच बसलेली.

"आता तरी द्या मॅडम. समद्यांचं लिहून झालंय की."

मी नकारार्थी मान हलवली. ती गेली.

घरी येऊन चहा घेतला. काहीच वाटेना. पुरवणी परीक्षा असते, हे तिला सांगायचंच राहिलं. आत्ता लिहिताना आठवलं.

तुमच्यापैकी कुणी पोचवेल का निरोप?