सगळ्यांच्या मागून जेवणारी बाय

शेजारच्या बायला जेवताना आम्ही कधी पाहिलंच नाही. नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे तिला बायच म्हणायचे. मूळची कोकणातली, नवरा गेल्यावर एकुलत्या मिलिंदला तिने एकटीने वाढवलं. घरात कुणीही येवो, ताट आधी त्याच्यापुढे. स्वतःचं विचारलं की म्हणायची, "माझं काय, बसेन मागनं."

मधुमेह झाला, गोळ्यांवरून इन्सुलिनवर गेली, तरी ते 'मागनं' सुटलं नाही. सुई मात्र वेळेवर टोचून घ्यायची. एकदा बाजारात ती घामाने निथळली, हात थरथरायला लागले, आणि कधी आवाज न चढवणारी बाय भाजीवाल्याला वाट्टेल ते बोलू लागली. मी घाईने तिला उसाचा रस पाजला. भानावर आली तशी लाजेने रडलीच.

डॉक्टरांनी नीट समजावलं, "सुई घेतली आणि जेवण लांबलं की साखर उतरते. दगदग झाली तरी उतरते. त्यात तुमच्या किडन्या थकल्यात, इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं. डोस कमी करतोय, पण उपाशी राहू नका."

बाहेर आल्यावर बाय म्हणाली, "वाढली म्हणून ओरडायचे, आता उतरली म्हणून ओरडतायत. त्या साखरेच्या मनात हाय तरी काय?"

मिलिंद नोकरीला दुबईत होता. तो सुट्टीवर यायचा होता त्या दिवशी बाय सकाळी सुई घेऊन, नुसत्या चहावर कामाला लागली. घर धुतलं, कोंबडी शिजवली, वडे थापले. मी डोकावून म्हटलं, "बाय, दोन घास खाऊन घे गं."

"येईलच आता तो. त्याच्यासंगं बसते."

विमानाला फार उशीर झाला. मिलिंद आला आणि बेल वाजवतच राहिला. दार फोडलं तेव्हा बाय ओट्यापाशी पडलेली, अंग गार, कपडे घामाने चिंब.

हॉस्पिटलात साखर वर आली, बाय वाचली, पण आधीची बाय काही परत आली नाही. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मिलिंद परत दुबईला गेलाच नाही. तिला न्हाऊ घालायचा, भरवायचा. एका संध्याकाळी मी तिथे बसले होते. बायने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बाजारात अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने, हिंदीत विचारलं, "भैया, आपका घर किधर है?"

मिलिंदने तिच्याच पदराने तिचं तोंड पुसलं.

"इधर ही है," तो म्हणाला.